दुसऱ्यांच्या आवाजातले मार्क टली

जून १९७५ च्या अखेरीस, आणीबाणी पुकारल्याला काही तासच उलटले असताना, माहिती व नभोवाणी मंत्री इंद्रकुमार गुजराल यांना पंतप्रधानांच्या वर्तुळातील एका वजनदार व्यक्तीचा फोन आला. बीबीसीचे दिल्लीतील वार्ताहर मार्क टली यांना पकडा, चांगला चोप द्या आणि तुरुंगात टाका, असा त्या फोनचा आशय होता. मंत्रिमंडळातील ज्येष्ठ सहकारी आणीबाणीच्या विरोधात गेल्याची बातमी बीबीसीने दिली, असे त्या गृहस्थांच्या कानावर आले होते. गुजराल यांनी परदेशी प्रसारणे ऐकून टिपून ठेवणाऱ्या विभागाकडून नोंदी मागवल्या आणि त्या स्वतः पाहिल्या, तेव्हा बीबीसीने अशी बातमी दिलेलीच नाही हे स्पष्ट झाले. टली त्या दिवशी वाचले. गुजराल यांचे खाते मात्र लवकरच काढून घेण्यात आले आणि तिथे विद्याचरण शुक्ल आले.

हा प्रसंग टली यांच्या कारकिर्दीत तसा ओझरता आहे, पण ती कारकीर्द समजून घ्यायची तर मला इथूनच सुरुवात करावीशी वाटते. जे त्यांनी सांगितलेच नव्हते, ते त्यांनी सांगितले असे लोकांनी मानले आणि सरकारनेही मानले. या देशातल्या फार थोड्या वार्ताहरांच्या वाट्याला असा विश्वास आला असेल, आणि त्या विश्वासाबरोबर येणारा धोका तर त्याहूनही थोड्यांच्या वाट्याला आला असेल. पुढची वीस वर्षे उत्तर भारतातल्या चावडीवर, स्टेशनवर, चहाच्या टपरीवर एखादी अफवा खरी करून सांगायची असली की तिला ‘बीबीसीने सांगितले’ एवढी जोड दिली जाई, आणि बीबीसी म्हणजे टली हे समीकरण इतके पक्के झाले होते की दोन्ही नावे एकमेकांच्या जागी सहज वापरली जात.

टली यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९३५ रोजी कलकत्त्यात, टॉलीगंज भागात झाला. वडील व्यापारी, घरात ब्रिटिश राजवटीतला सगळा थाट. मुलांना सांभाळायला विलायतेहून आणलेली आया होती आणि मुलांनी ‘नेटिव्ह’ लोकांत मिसळू नये यावर तिची करडी नजर असे. घरच्या ड्रायव्हरकडून हिंदीत आकडे मोजायला शिकताना ती त्यांना पाहते आणि ही नोकरांची भाषा आहे, तुझी नाही, असे सांगून थोबाडीत देते, ही आठवण टली यांनी पुढे अनेकदा सांगितली. नऊ-दहा वर्षांच्या वयात ते इंग्लंडला गेले, केंब्रिजला शिकले, धर्मोपदेशक व्हावे म्हणून लिंकनच्या धर्मविद्यालयात दाखल झाले आणि ते आपल्याला जमणारे नाही हे थोड्याच काळात ओळखून बाहेर पडले. १९६४ साली बीबीसीत नोकरी लागली आणि १९६५ साली त्यांना दिल्लीला पाठवण्यात आले. पाठवले ते बातमीदार म्हणून नव्हे. कामाचे स्वरूप बरेचसे कार्यालयीन होते. वयाच्या तिशीत ज्या देशात परत यायचे, त्या देशाची भाषा लहानपणी मार खाऊन सोडावी लागली होती. ती त्यांनी आता नव्याने शिकायला घेतली आणि पुढे ते खेड्यापाड्यांत, रेल्वेच्या डब्यात, मठ-मंदिरांत हिंदीतून बोलू लागले. मधली काही वर्षे लंडनला काढून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते दिल्लीला परतले, आणि त्यांचे खरे काम तिथून सुरू झाले.

त्या काळाची हवा आजच्या तरुण वाचकाला सांगावी लागते. रेडिओ म्हणजे आकाशवाणी, आणि आकाशवाणी म्हणजे सरकार. दूरदर्शन मोजक्या शहरांत, तेही सरकारच्याच हातात. वृत्तपत्र स्वतंत्र असले तरी तालुक्याच्या गावी ते दुपारच्या एसटीने येई आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्या उपयोगाचे नसे. उरला शॉर्टवेव्ह, म्हणजे दूरच्या देशांतूनही ऐकू येणारा लघुलहरींचा रेडिओ. बीबीसीची हिंदी सेवा १९४० पासून सुरू होती आणि संध्याकाळचे तिचे प्रसारण ऐकायला गावोगाव श्रोते जमत. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. कोट्यवधी भारतीयांनी ‘आम्ही मार्क टली ऐकला’ असे म्हटले, त्यांतल्या बहुतेकांनी टली यांचा आवाज फारच कमी ऐकला होता. टली इंग्रजीत वार्तापत्र पाठवत. लंडनला बीबीसीच्या बुश हाउस या इमारतीत बसलेले हिंदी, उर्दू, बंगाली, तमीळ सेवांचे लोक त्याचे भाषांतर करत आणि ते आपापल्या आवाजात वाचून दाखवत. ‘दिल्लीहून आमचे वार्ताहर मार्क टली कळवतात’ एवढे वाक्य आले की पुढचा आवाज कुणाचाही असो, श्रोत्याच्या लेखी तो टली यांचाच असे.

आमच्या घरी हा श्रोता म्हणजे माझे काका. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी ते शाळेत शिक्षक होते. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले असल्याने बीबीसीची हिंदी त्यांना परकी वाटत नसे आणि उर्दू सेवा तर ते अधिक आवडीने लावत. तपकिरी चामड्याच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर, त्याच्या एरियलला गुंडाळून थेट कौलांच्या वाशापर्यंत नेलेली तांब्याची तार, आणि बँड बदलायचे बटण जरा सैल झालेले म्हणून त्याखाली खोचलेला काडेपेटीचा तुकडा. स्टेशन एकदम कधीच लागत नसे. आधी शिट्ट्या, मग कुठल्या तरी परदेशी भाषेतले गाणे, मग खरखर, आणि त्या खरखरीतून हळूहळू वर येणारा आवाज. तोही अर्ध्या मिनिटाने मागे सरे आणि पुन्हा पुढे येई. काका चाक बोटाच्या पेराने, केसाएवढे सरकवत. आवाज बुडाला की शेवटचे वाक्य ते मनाशी जुळवून घेत आणि आम्हा मुलांना म्हणत, “गडबड करू नका रे, आत्ता येईल परत.” ओसरीवर बसलेली माणसे तेवढा वेळ गप्प बसत. बातमीसाठी इतका धीर धरणारा श्रोता ज्या वार्ताहराला लाभला, त्याच्यावर त्या धीराला पात्र ठरण्याचे ओझेही असणारच.

आणीबाणीत टली यांना देश सोडावा लागला. परदेशी वार्ताहरांनी सेन्सॉरचे नियम पाळण्याची लेखी हमी द्यावी असा सरकारचा आग्रह होता, बीबीसीने ती द्यायला नकार दिला आणि टली यांना २४ तासांत निघून जाण्यास सांगण्यात आले. १९७७ साली आणीबाणी उठल्यावरच ते परत आले. मधल्या काळात देशातल्या वार्ता कोणत्या अवस्थेत होत्या, याची एक मुंबईची आठवण इथे द्यायला हवी, कारण तिचा धागा टली यांच्यापर्यंत येतो. स्वतंत्र पक्षाचे माजी नेते मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकातील मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा मसानी मुंबई उच्च न्यायालयात गेले. १९७६ साली न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देताना असे बजावले की सर्व वृत्तपत्रांनी एकाच वाऱ्याच्या दिशेने शिडे वळवावीत आणि एका सुरात बोलावे हे पाहणे सेन्सॉरचे काम नव्हे. त्याच वर्षी देशातल्या चारही वृत्तसंस्था एकत्र करून सरकारने ‘समाचार’ नावाची एकच संस्था उभी केली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निकालाची किंमत कळते. पुढे १९८८ साली स्वतंत्र भारताच्या चाळीस वर्षांचा आढावा घेणारे पुस्तक टली यांनी ज्यांच्याबरोबर लिहिले ते झरीर मसानी हे याच मिनू मसानींचे चिरंजीव.

टली नसताना बीबीसी ऐकणे थांबले नाही, उलट वाढले. मला वाटते, त्यांच्या पुढच्या प्रतिष्ठेचा पाया त्यांच्या या गैरहजेरीत घातला गेला. ज्या सरकारने विरोधकांना तुरुंगात घातले त्याच सरकारने या माणसालाही घालवून दिले, म्हणजे तो खरे सांगत असला पाहिजे, असा सरळ हिशेब लोकांनी केला. हा हिशेब तर्काला पूर्ण धरून आहे असे मी म्हणणार नाही. हद्दपार झालेला प्रत्येक वार्ताहर बरोबरच असतो असे नाही. पण परत आल्यावर टली यांनी त्या भांडवलाचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. ते सरकारवर सूड उगवायला बसले नाहीत. जनता पक्षाची राजवट कोसळताना, इंदिरा गांधी १९८० साली परत येताना, त्यांनी जे दिसले ते त्याच सपाट, संथ, किंचित घोगऱ्या स्वरात सांगितले. पाकिस्तानात १९७९ साली झुल्फिकार अली भुट्टो यांना फाशी झाली तेव्हा, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या तेव्हा, भोपाळमध्ये विषारी वायू पसरला तेव्हा, या उपखंडाची बातमी जगाला त्यांच्या कार्यालयातून मिळत राहिली.

१९८४ हे वर्ष मात्र असे चटकन ओलांडता येत नाही. जूनमध्ये सैन्य सुवर्णमंदिरात शिरण्याआधी पत्रकारांना अमृतसरमधून बाहेर काढण्यात आले. पंजाबचे दळणवळण तोडण्यात आले. आत काय झाले हे सांगायला आकाशवाणी आणि सरकारी निवेदने एवढेच उरले. टली आणि त्यांचे दिल्लीतील सहकारी सतीश जेकब यांनी नंतर माणसे गाठून, लष्करी अधिकाऱ्यांपासून मंदिराच्या सेवेकऱ्यांपर्यंत सगळ्यांशी बोलून त्या कारवाईची हकिकत जुळवली आणि १९८५ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. घटनास्थळी हजर राहता आले नाही म्हणून गप्प बसायचे नाही, आणि हजर नव्हतो हे लपवून आव आणायचा नाही, असे दुहेरी पथ्य पाळून केलेले ते काम आहे. मी जिल्हा दैनिकात उपसंपादक म्हणून रुजू झालो तेव्हा आमचे वृत्तसंपादक नवीन मुलांना ते पुस्तक वाचायला देत. बातमी तिथे उभे राहून मिळते तशी ती पायपीट करून, दहा जणांचे म्हणणे एकमेकांवर घासून पाहूनही मिळते, हे त्यांना आमच्या डोक्यात भरवायचे होते.

मग ३१ ऑक्टोबर. सकाळी नऊनंतर थोड्याच वेळात पंतप्रधानांच्या निवासस्थानाच्या आवारात इंदिरा गांधींवर त्यांच्याच अंगरक्षकांनी गोळ्या झाडल्या. आकाशवाणीने त्यांच्या निधनाची बातमी दिली ती संध्याकाळी सहाच्या सुमारास. मधले सगळे तास देश अंदाजावर जगत होता. बीबीसीने मात्र ही बातमी काही तास आधीच दिली होती, आणि तिचे श्रेय सतीश जेकब यांच्याकडे जाते. राजीव गांधी त्या दिवशी पश्चिम बंगालमध्ये दौऱ्यावर होते. आईवर गोळीबार झाल्याचे कळल्यावर तेही ट्रान्झिस्टरवर बीबीसी लावून पुढची खबर ऐकत होते. ज्या पक्षाच्या सरकारने नऊ वर्षांपूर्वी या वार्ताहराला हाकलले, त्याच पक्षाचे सरचिटणीस स्वतःच्या आईची खबर आपल्या सरकारच्या रेडिओवर न शोधता त्याच्या रेडिओवर शोधत होते. आकाशवाणीतल्या गुणी माणसांबद्दल मला आदर आहे. त्यांच्या हातात बातमी होती, ती सोडण्याचा अधिकार नव्हता.

आमच्या गावात दिवाळीची सुट्टी अजून संपली नव्हती. दुपारी एसटी स्टँडवरून कुणी तरी ‘बाईंना मारले, बीबीसीने सांगितले’ असे ओरडत आला आणि बाजारपेठ अर्ध्या तासात बंद झाली. त्या माणसाने बीबीसी ऐकली होती की नाही, कोण जाणे. काकांनी घरी येऊन इंग्रजी सेवा लावली, कानाशी ट्रान्झिस्टर धरून बराच वेळ उभे राहिले आणि मग ओसरीवर येऊन जमलेल्यांना म्हणाले, “खरं आहे.” तोवर कुणी रडले नव्हते. आजीने त्यानंतर देवापुढचा दिवा लावला आणि मग घरात सगळ्यांचाच बांध फुटला. एका शब्दाचा इतका भरवसा पुढे मी कुठल्याही माध्यमाच्या वाट्याला आलेला पाहिला नाही, आणि मी चाळीस वर्षे याच व्यवसायाच्या अवतीभवती वावरलो आहे.

सतीश जेकब यांचे नाव मी मुद्दाम पुन्हा घेतो. दिल्लीचा हा बातमीदार टली यांच्या शेजारी वर्षानुवर्षे बसला. त्याच्याकडे शहराच्या गल्लीबोळांचे, पोलिसांचे, इस्पितळांचे, मंत्र्यांच्या स्वीय सहायकांचे ज्ञान होते. परदेशी वार्ताहराचे नाव होते आणि त्याला वाट दाखवणारा स्थानिक सहकारी तळटिपेतही येत नाही, हा या धंद्यातला जुना अन्याय आहे. टली यांनी निदान पुस्तकावर दोघांची नावे बरोबरीने घातली आणि मुलाखतींत जेकब यांचे श्रेय मोकळेपणाने दिले. तरीही लोकांच्या तोंडी टलीच राहिले. ऐकणाऱ्याला एकच नाव लक्षात ठेवणे सोपे जाते. त्याला इलाज नाही.

अयोध्येची हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ६ डिसेंबर १९९२ रोजी, बाबरी मशीद पाडली गेली त्या दिवशी, ते मशिदीचे आवार दिसेल अशा एका इमारतीवर उभे होते. खाली प्रचंड जमाव, मध्ये पोलिसांचे पातळ कडे. ते कडे मोडले. मशिदीभोवतीचे शेवटचे पोलीस डोक्यावर वेताच्या ढाली धरून दगडांच्या वर्षावातून बाहेर पडताना त्यांनी पाहिले, आणि एक अधिकारी आपल्याच शिपायांना बाजूला ढकलून पुढे निघताना पाहिला. घुमटावर माणसे चढलेली होती. अयोध्येतून बाहेर जाणाऱ्या टेलिफोनच्या तारा तोडण्यात आल्या होत्या. आता वार्ताहरापुढे दोन गोष्टी असतात: समोर घडते आहे ते शेवटपर्यंत पाहत राहणे, आणि पाहिलेले बाहेर पोचवणे. टली गाडीत बसून फैजाबादला गेले, तिथून फोन लावला आणि बातमी दिली. मग परत निघाले. परतताना संतापलेल्या जमावाने त्यांना आणि त्यांच्याबरोबरच्या हिंदी पत्रकारांना घेरले. बीबीसीवर त्या गर्दीचा विशेष राग होता आणि टली यांच्या नावाने मृत्यूच्या घोषणा दिल्या जात होत्या. त्यांना एका खोलीत कोंडून ठेवण्यात आले. काही तासांनी स्थानिक प्रशासनातील एक अधिकारी आणि अयोध्येतल्याच एका मंदिराचे महंत आले आणि त्यांनी सगळ्यांची सुटका केली.

फैजाबादला जाऊन बातमी देऊन झाल्यावर परत जाण्याची गरज नव्हती, असे कुणी म्हणेल. बातमी तर गेली होती. मला मात्र त्या परत निघण्यात त्यांची सगळी कारकीर्द दिसते. पहिली बातमी देणारा आणि नंतर काय झाले ते पाहायला पुन्हा त्याच ठिकाणी जाणारा, ही दोन वेगळी माणसे असू शकतात. किंबहुना आज बहुधा असतातच. टली यांच्या ठायी ती एक होती. त्यांची सुटका ज्याने केली तो महंत होता, याकडेही मी वाचकांचे लक्ष वेधीन. धर्माचे शिक्षण घेतलेला हा माणूस पाव शतकाहून अधिक काळ या देशातल्या साधू, मौलवी, ग्रंथी, पुजारी यांच्यात ऊठबस करत आला होता, कुंभमेळ्यात राहिला होता, आणि भारतातले धर्म ही टिंगलीची किंवा भीतीची गोष्ट आहे असे त्याने कधी मानले नाही. जे झाले तो सर्वधर्मसमभावाला बसलेला जबर धक्का आहे, हे त्यांनी स्वच्छ शब्दांत लिहिले.

इथे माझा त्यांच्याशी असलेला मतभेद सांगणे भाग आहे, आणि तो किरकोळ नाही. भारताकडे पाश्चात्त्य फूटपट्टीने पाहू नका, इथल्या इंग्रजी शिकलेल्या वर्गाने आपल्याच समाजाकडे तुच्छतेने पाहणे सोडावे, हा टली यांच्या लेखनाचा गाभा आहे, आणि तो मला मोलाचा वाटतो. पण त्या ओघात १९९० च्या सुमारास त्यांनी जातिव्यवस्थेबद्दल असेही लिहिले की तिच्यात वाईट असले तरी गरिबाला ती आधार देते, ओळख देते, सुरक्षितता देते. पाश्चात्त्यांनी आणि पाश्चात्त्य वळणाच्या भारतीयांनी तिचा सरसकट निषेध करताना हे विसरू नये. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे मान्य होणे कठीण आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली जे लिहिले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला, नाशिकला, येवल्याला जे उभे केले, ते काही विलायती फूटपट्टी घेऊन आलेले नव्हते. ज्यांना जातीने खाली ठेवले, गावाबाहेर ठेवले, त्यांच्यातूनच त्या निषेधाचा आवाज उठला. जात आधार देते हे खरे आहे, पण कुणाला आधार आणि कुणाच्या पाठीवर, हा प्रश्न टली यांनी पुरेसा विचारला नाही. इतकी वर्षे ज्याने खेडी पायाखाली घातली त्याला तो प्रश्न दिसला नसेल असे नाही. मला वाटते, आपल्या लहानपणी आयेने जी थोबाडीत दिली होती तिची भरपाई करताना ते कधी कधी दुसऱ्या टोकाला गेले. भारतावर प्रेम करणाऱ्या परक्या माणसाला आपण सहसा हे बोलून दाखवत नाही. पण टली परके राहिलेले नव्हते, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडण्याचा हक्क मला आहे असे मी समजतो.

त्यांच्या नोकरीचा शेवट सरकारशी झालेल्या संघर्षाने झाला नाही. तो आपल्याच संस्थेशी झालेल्या संघर्षाने झाला. १९९३ साली बर्मिंगहॅममध्ये रेडिओ व्यवसायातील मंडळींसमोर भाषण करताना त्यांनी बीबीसीचे तेव्हाचे महासंचालक जॉन बर्ट यांच्या कारभारावर उघड टीका केली. संस्थेत भीतीचे वातावरण आहे आणि माणसे बोलायला घाबरतात, असे त्यांनी सांगितले. पुढच्या वर्षी, १९९४ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला. जवळजवळ तीस वर्षांची नोकरी, त्यातली वीसहून अधिक वर्षे दिल्लीतला तळ. आणीबाणीतल्या सरकारपुढे ज्याच्या संस्थेने हमीपत्रावर सही केली नव्हती, त्याने संस्थेच्या आतल्या भीतीपुढेही मान तुकवली नाही. मोठ्या संस्थांच्या आत राहून, पगार चालू असताना, चारचौघांत असे बोलणे फार अवघड असते हे वृत्तपत्राच्या कचेरीत एक तरी दशक काढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. आमच्या पिढीतल्या कितीतरी हुशार माणसांनी अशा वेळी गप्प बसणे पसंत केले, आणि त्यांच्या अडचणी मी जवळून पाहिल्यामुळे त्यांना दोष देण्याचा मला धीर होत नाही.

राजीनाम्यानंतर ते इंग्लंडला परतले नाहीत. दिल्लीतल्या निजामुद्दीनमध्येच राहिले, पुस्तके लिहिली, आणि बीबीसीच्याच रेडिओ ४ वर श्रद्धा आणि जीवन यांविषयीचा एक साप्ताहिक कार्यक्रम अनेक वर्षे सादर करत राहिले. ज्या संस्थेवर टीका करून बाहेर पडले तिच्याच लहरींवरून त्यांचा आवाज येत राहिला, हे त्या संस्थेलाही शोभणारे होते. भारत सरकारने त्यांना १९९२ साली पद्मश्री आणि २००५ साली पद्मभूषण दिले. ब्रिटनने २००२ साली ‘सर’ ही पदवी दिली. दोन्ही देशांचे मोठे सन्मान मिळालेला वार्ताहर विरळा. पण सन्मानांपेक्षा त्यांचा मुक्काम मला अधिक बोलका वाटतो. परदेशी वार्ताहराला साधारण तीन-चार वर्षांनी दुसऱ्या देशात हलवण्याची रीत आहे. माणूस एका जागी रुळला की त्याची नजर बोथट होते, असे त्यामागचे कारण सांगितले जाते. टली यांच्या बाबतीत झाले ते नेमके उलटे. ज्या नेत्याला त्यांनी तरुणपणी आमदार म्हणून पाहिले त्याला मुख्यमंत्री होताना पाहिले. ज्या गावात दुष्काळात गेले तिथे निवडणुकीत पुन्हा गेले. त्यांच्या वार्तापत्रात दोन ओळींत जे येई त्यामागे ही आठवण उभी असे, आणि ती ऐकणाऱ्याला न सांगताही जाणवे.

१९९१ नंतर उपग्रहवाहिन्या आल्या, मग चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या, मग मोबाइल. बीबीसीची हिंदी शॉर्टवेव्ह सेवा जानेवारी २०२० अखेर बंद झाली. त्याआधी २०१७ साली बीबीसीचे मराठी डिजिटल वृत्त सुरू झाले होते, त्यामुळे आता मराठी वाचकाला बीबीसी थेट मराठीत मिळते. काका हे पाहायला असते तर त्यांना आनंद झाला असता, यात मला शंका नाही. त्यांना आपल्या गावची बातमी लंडनहून हिंदीत ऐकावी लागे याची थोडी खंत होतीच. आज राजकीय पत्रकार स्वतःच्या चेहऱ्यानिशी, स्वतःच्या आवाजात, कुणाच्याही भाषांतराशिवाय लाखोंपर्यंत पोचतो. तो पडद्यावर दिवसातून चार वेळा दिसतो, आणि बातमीपेक्षा त्याचे मत आधी कळते. माझ्या ओळखीचे काही तरुण वार्ताहर आजही तालुक्यातालुक्यांत हिंडून, स्वतःच्या दुचाकीत स्वतःचे पेट्रोल टाकून, अतिशय प्रामाणिक काम करतात; त्यांना एका जागी दहा वर्षे टिकू देईल अशी नोकरी आज जवळपास कोणतीही संस्था देत नाही. करार अकरा महिन्यांचा असतो. ज्याला पुढच्या वर्षी आपण या जिल्ह्यात असू की नाही हे माहीत नाही, त्याने जुन्या कलेक्टरच्या काळातली फाइल कुठे अडकली हे कसे लक्षात ठेवावे, आणि ज्या पाटलाने किंवा सरपंचाने विश्वासाने काही सांगितले त्याच्याकडे पुन्हा कोणत्या तोंडाने जावे? टली यांच्या गुणांची चर्चा करताना त्यांच्या धाडसाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. त्यांना दिल्लीत वीसहून अधिक वर्षे पगार देऊन बसू दिले गेले, ही गोष्ट त्या धाडसाइतकीच त्यांच्या बातमीच्या मुळाशी होती, आणि मराठीत स्वतःला मोठे म्हणवणारी वृत्तपत्रे व वाहिन्या आपल्या एका तरी जिल्हा वार्ताहरासाठी एवढे करतील का, हे मला त्यांच्या मालकांना विचारायचे आहे.